ताकदीची सलाईन

माझे स्वतःचे दात म्हणजे एखादी जुनी बाजारओळ आहे. काही दुकानं चालू, काही कायमची बंद, आणि दोन-तीन केव्हाच पाडायला हवी होती, पण भाडेकरू हटत नाही म्हणून उभी. दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीला मी जन्मभर भीत आलो. एकदा नुसते दात साफ करून घ्यायला गेलो होतो. यंत्र सुरू होताच मी खुर्चीचे दोन्ही दांडे असे काही धरले की कंपाउंडर म्हणाला, "साहेब, सोडा आता, गाडी स्टँडवर लागली." ही गोष्ट माझ्या बायकोनं तिच्या माहेरी, माझ्या ऑफिसात आणि आमच्या गल्लीतल्या भाजीवालीलाही सांगून ठेवली आहे.

तर अशा माणसानं आपल्या आईला इम्प्लांट बसवायला दवाखान्यात नेलं. इम्प्लांट म्हणजे काय हे मलाही तेव्हाच कळलं. जबड्याच्या हाडात धातूची खुंटी बसवायची, हाडानं ती धरली की तिच्यावर दात चढवायचा. ऐकूनच मी खुर्चीवरून उठलो होतो. माय उठली नाही. तिला ते दात कशासाठी हवे होते हे तिला पक्कं ठाऊक होतं.

माय सिंदीला राहते, रेल्वेलाइनच्या अलीकडच्या आमच्या घरात. वडील रेल्वेत गँगमन होते. ते गेल्यावर मी तिला वर्ध्याला चल म्हणून खूप म्हटलं, पण ती आली नाही. तुझ्या फ्लॅटात मी बोलू कोणाशी, फ्रीजशी का, असं विचारलं तिनं. खरं कारण बुद्धविहार होतं. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, आणि वाचणारी माझी माय होती. कधीपासून ते मला आठवत नाही. मी हाफपँटीत होतो तेव्हाही तीच वाचायची.

तिचं शिक्षण चौथीपर्यंत. पण वाचन असं की ऐकत राहावं. संध्याकाळी जे वाचायचं ते ती दुपारीच एकदा वाचून ठेवी. तांदूळ निवडता निवडता अवघड शब्द तोंडात घोळवी, जसा एखादा गडी ओझं उचलण्याआधी दोनदा हलवून पाहतो. संध्याकाळी पांढरं पातळ नेसून माइकसमोर बसली की ती पुस्तकात कमी आणि समोरच्या बायांच्या तोंडाकडे जास्त पाही. राजपुत्र घर सोडून निघाला तो भाग आला की बाया पदर डोळ्याला लावत. दरवर्षी तोच राजपुत्र, तेच घर, तरी लावत. आणि नेमक्या अशा जागी माय पुस्तक मिटायची. "आज इथंच. बाकीचं उद्या." मागून कोणीतरी ओरडायची, "अवं मावशी, पुढं काय झालं ते तं सांग!" माय म्हणायची, "मागच्या साली सांगलं होतं नं!"

गोष्ट सांगायची हौस माझ्या अंगात तिच्याकडूनच आली. फरक इतकाच की तिचं ऐकायला बाया स्वयंपाक टाकून येत, आणि मी सुरू झालो की माझी बायको स्वयंपाक आठवून उठते.

मायला शुगर खूप वर्षांची. शुगरनं तिचे दात एकेक करून नेले. हिरड्या सुजायच्या, दात हलायचा, आणि एक दिवस भाकरीत यायचा. सगळे गेल्यावर कवळी केली. वरची बरी बसली. खालची मात्र कधीच बसली नाही, कारण खालच्या जबड्याचं हाडच झिजून पाटीसारखं सपाट झालं होतं. जेवताना ती काढून वाटीत ठेवायची आणि वाचताना लावायची. पण वाचताना जोडाक्षर आलं की खालची कवळी उचले, वरच्यावर आपटे, आणि माइकमधून सगळ्या मोहल्ल्याला "टक्" असं ऐकू जाई.

एका संध्याकाळी ती कवळी सरळ बाहेर पडली, उघड्या पुस्तकावर. मग एक पोरगी फिसकली आणि सगळं विहार हसायला लागलं. मायही हसली. कवळी उचलून पदराला पुसत माइकवरच म्हणाली, "माहे दात पुढच्या पानावर गेले वं, मीच मागं राह्यली."

तो वर्षावास संपल्यावर महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई घरी आल्या. बाई मनानं चांगल्या. चहा घेतला, माझ्या बदलीची चौकशी केली आणि मग म्हणाल्या, "मावशी, तुम्ही लय वर्सं वाचलं. आता पुढच्या साली आमच्या नव्या सुनेले वाचू द्या. बीए झाली हाय पोरगी. तुम्ही आरामात आयका."

माय म्हणाली, "बरं."

त्या रविवारी मी सिंदीला गेलो तेव्हा तिनं माझ्या ताटात भाजी वाढली आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "बाबू, ते पक्के दात बसवतेत म्हंतेत, ते कसं असते?"

माझ्या आईनं आयुष्यात माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. दिवाळीला पातळ नेलं तर "होतं नं माह्याजवळ" म्हणून पेटीत टाकणारी बाई ती. मी घास तसाच हातात धरून बसलो.

"कायले पाह्यजे माय तुले?" मी मुद्दाम विचारलं.

"वाचाले," ती म्हणाली. "येत्या आषाढीले मले वाचाचं हाय."

वर्ध्याची डॉक्टरीण तरुण होती, माझ्या पुतणीच्या वयाची. बोलायला गोड, आणि घाई नाही. तिनं मायचा जबडा तपासला, फोटो काढला आणि समजावून सांगितलं की सगळे दात पक्के बसवायची गरज नाही. खालच्या जबड्यात पुढं दोन खुंट्या बसवू, आणि खालची कवळी त्यांच्यावर दाबून बसेल. काढता येईल, धुता येईल, पण बोलताना हलणार नाही.

"टिचबटनावानी?" मायनं विचारलं.

डॉक्टरीण हसली. "अगदी तसंच, आजी. पोलक्याच्या टिचबटणासारखं."

"मंग सोपं हाय," माय मला म्हणाली, जणू ते माझ्याच तोंडात बसवायचे होते आणि मीच घाबरलो होतो. घाबरलो तर होतोच.

पण ते इतकं सोपं नाही, हेही डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं. ज्याला काही आजार नाही त्याची गोष्ट वेगळी. शुगरवाल्यांची जखम हळू भरते, पू होऊ शकतो, हाड खुंटीला धरत नाही. म्हणून आधी तीन महिन्यांची सरासरी शुगर खाली आणायची. बीपी आटोक्यात हवं. नेहमीच्या डॉक्टरनं हो म्हणायला हवं. मग त्यांनी विचारलं, "आजी, औषधं कोणती चालू आहेत? सगळी सांगा हं."

मायनं कमरेची चंची काढली आणि टेबलावर उपडी केली. शुगरच्या गोळ्या, बीपीची गोळी, गॅसची गोळी, आणि एक लवंग. डॉक्टरीणबाईंनी एकेक पाकीट पाहून लिहून घेतलं.

"इंजेक्शन घेता का काही?"

"नाई वं बाई. इन्सुलिन नाई लागलं मले अजून," माय जरा ऐटीतच म्हणाली. मीही मान हलवली. खरंच लागलं नव्हतं.

त्यानंतर मायनं शुगरशी जे युद्ध केलं ते मी पाहिलं म्हणून सांगतो, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. आमच्या घराण्यात गोडाला नाही म्हणण्याची रीत नाही. पाहुणा आला की चहात साखर जास्त टाकायची, कमी पडली तर तो अपमान. माय सकाळी रेल्वेफाटकापर्यंत चालून यायला लागली. चहा बिनसाखरेचा. भात बंद. नात्यातल्या एका लग्नात तिच्या पानात कोणी न विचारता गुलाबजाम टाकला, तर तिनं तो उचलून शेजारी बसलेल्या माझ्या पानात ठेवला. मग माझ्या पोटाकडे पाहिलं आणि परत उचलून माझ्या बायकोच्या पानात ठेवला.

"यालेबी होईन शुगर," ती बायकोला म्हणाली. "तू खाय. तुह्या हातानं कामं होतेत."

उन्हाळा लागायच्या आधी रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला आणि त्या हसल्या. माय खुर्चीच्या कडेवर बसली होती. "पास?" तिनं विचारलं.

"पास, आजी. फर्स्ट क्लास."

परत जाताना पॅसेंजरच्या डब्यात तिनं ही बातमी ओळखीच्या आणि अनोळखी अशा सगळ्यांना सांगितली. सेलूला एक बाई उतरली तीही "आषाढीले येतो वं तुह्यं वाचन आयकाले" म्हणून गेली.

खुंट्या बसवल्या त्या दिवशी मी बाहेर बसलो होतो. आतून यंत्राचा आवाज आला आणि माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. मला दांडे सोडायला सांगणाऱ्या त्याच कंपाउंडरनं पाणी दिलं. थोड्या वेळानं माय स्वतःच्या पायानं बाहेर आली. तोंडात कापसाचा बोळा, ओठ सुजलेला. तिनं माझ्याकडे पाहिलं, हाताचा घास करून तोंडाकडे नेला आणि भुवया उंचावल्या. जेवला का, असं विचारत होती.

मग वाट पाहायची होती. हाडानं खुंटी धरायला काही महिने लागतात. तोवर खालची कवळी लावायची नाही, पातळ खायचं, तोंड औषधाच्या पाण्यानं धुवायचं. माय सगळं करत होती. मी रविवारी गेलो की दुपारी ती ग्रंथ उघडून बसलेली असे. ओठ मिटलेले आणि बोट ओळींवरून सरकत जाणारं. कुठं थांबायचं, कुठं समोर पाहायचं, ते ती मनातल्या मनात बसवून घेत होती. "आषाढीले पह्यल्याच दिवशी जोरात सुरुवात कराची हाय," म्हणायची.

ऊन कडक झालं तेव्हा तिचा खालचा ओठ पुन्हा सुजलेला दिसला. "उन्हाची गर्मी चढली," ती म्हणाली. पुढच्या वेळी ती गालाखाली हात धरून बसलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, "हाड धरून राह्यलं असन. धरते तवा दुखतच असन नं." असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला तसं हवं होतं, म्हणून तिनं तसं ठरवलं होतं.

माझी बायकोच शेवटी तिला घेऊन आली. सासूच्या तोंडाला वास येतोय हे तिला फोडणीच्या वासातही कळलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी दिवा तोंडावर धरला आणि ओठ बाजूला सारला. मी धीर करून वाकून पाहिलं. खुंटीच्या बाजूला हिरडी फाटली होती आणि आत भाताच्या शितासारखं पांढरं काहीतरी दिसत होतं. मला वाटलं, अन्नच अडकलं आहे.

"हे हाड आहे," डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या. "उघडं पडलं आहे." मग त्यांनी हातमोजे काढले आणि स्टूल ओढून मायच्या समोर बसल्या. "आजी, नीट आठवून सांगा. हाडांसाठी कधी काही औषध घेतलं होतं?"

"हाडाची गोळी?" मायनं मान हलवली. "कदीच नाई. कॅल्शियमची होती, तेबी सोडली. गॅस होते तिच्यानं."

"गोळीच असं नाही. दुसरं काहीही?"

"नाई बाई."

मी पण नाही म्हणालो. माझी बायको दाराशी उभी होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सासूकडे. "आई," ती म्हणाली, "ते वर्षातून एकदा सलाईन लावायचे तुम्हाले, ते?"

"अवं ते तं ताकदीची व्हय," माय म्हणाली. "ते औषध कुठं हाय?"

आता आमच्याकडच्या लोकांचं हे प्रकरण बाहेरच्याला समजावून सांगणं अवघड आहे. आमच्याकडे गोळी म्हणजे औषध आणि सुई म्हणजे आजार. सलाईन मात्र या दोहोंतलं काहीच नाही. सलाईन म्हणजे ताकद. कापूस वेचून हात गळाले, लाव सलाईन. मुलीचं लग्न आटोपलं, दमलो, लाव सलाईन. माझा एक काका वरातीला जायच्या आदल्या दिवशी लावून घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी बॅन्डपुढं सगळ्यात जास्त तोच नाचायचा. निवडणुकीच्या ड्युटीवरून परत आल्यावर मीही एकदा लावून घेतली आहे, आणि बाटलीकडे पाहत पाहत चांगला झोपलो आहे. कोणत्याही डॉक्टरनं विचारलं की "औषध काय चालू आहे," तर आमच्यातला एकही माणूस सलाईनचं नाव घेणार नाही. जेवलो हे कोणी औषधात सांगतं का?

काही वर्षांपूर्वी माय अंगणात घसरली होती आणि तिचं मनगट मोडलं होतं. तेव्हा मोठ्या दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झाली आहेत म्हणून ही वर्षाची सलाईन सुरू केली होती. "हाडांना ताकद येईल," ते म्हणाले होते. मायनं त्यातला एकच शब्द घरी आणला. आणि खरंच, त्यानंतर तिचं कुठलंच हाड मोडलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला सगळं समजावून सांगितलं. ती सलाईन चांगलीच होती, मायला तिची गरज होती. पण ते औषध हाडात जाऊन वर्षानुवर्षं राहतं. हाड टणक ठेवतं, पण हाडाची स्वतःला दुरुस्त करायची चाल मंद करतं. बहुतेकांना काही होत नाही. एखाद्याच्या जबड्यात छेद दिला की तो भरतच नाही. त्यात मायची शुगर जुनी. "आधी कळलं असतं तर मी हे केलंच नसतं," त्या म्हणाल्या. "सलाईनमधून कधी काही औषध घेतलं का, असं मी विचारायला हवं होतं." बोलता बोलता त्यांचे डोळे भरले.

मायनं खुर्चीवरूनच त्यांच्या हातावर हात ठेवला. "तू कायले रडते वं पोरी? तू तं विचारलं होतं. मलेच काय मालूम, ताकदबी सांगा लागते."

मग ती सरळ बसली. "आषाढीपर्यंत होईन?" तिनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मी द्यावं असं त्यांना वाटत होतं. मी टेबलावरच्या प्लास्टरच्या जबड्याकडे पाहत राहिलो. तो जबडा फार छान हसत होता.

पुढचे आठवडे मोठ्या दवाखान्यात गेले. मेलेलं हाड काढलं, दोन्ही खुंट्या काढल्या. औषधं, जखम धुणं, पुन्हा धुणं. जखम भरायला लागली, पण खालच्या जबड्यावर काहीही टेकवायचं नाही असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं. कवळी नाही म्हणजे नाही. कधीपर्यंत, तर "पाहू". मी त्यांना वर्षावासाबद्दल सांगून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, वाचायला हरकत नाही, दातांशिवाय वाचू द्या. त्यांचंही बरोबर होतं.

खालची बाजू रिकामी राहिली की वरचीही घास धरत नाही, म्हणून मायनं वरची कवळीही काढून ठेवली. तिचा चेहरा खालून आत गेला. हनुवटी वर आली. बोलताना शब्द ओठांतून सांडायला लागले. आम्हाला घरात सवय झाली होती. परके लोक मात्र "काय म्हंता आजी?" असं दोनदा विचारत.

आषाढीच्या आठ-दहा दिवस आधी अध्यक्षीणबाई पुन्हा आल्या. मायला जवळ घेऊन म्हणाल्या, "मावशी, नवी सून वाचनच. पण पह्यल्या दिवशी सुरुवात तुम्हीच करा. एक पान. सगळ्या बायांची इच्छा हाय." त्यांनी हे मनापासून म्हटलं. आजही त्यांच्याबद्दल माझ्या मनात वाकडं काही नाही.

मायनं त्या एका पानाची तयारी केली तशी तिनं सबंध ग्रंथाची कधी केली नसेल. कुठले शब्द ओठांनी निभतात, कुठल्यांना दात लागतात, ते शोधून काढलं. दात लागणाऱ्या शब्दांपाशी हळू व्हायचं ठरवलं. माझ्या बायकोसमोर दोनदा वाचून दाखवलं. बायको म्हणाली, "समजते आई." मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकलं. मला समजलं, पण ते पान मला तोंडपाठ होतं.

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहार भरलं होतं. दाराबाहेर चपलांचा ढीग. माय माइकसमोर बसली, चष्मा चढवला, आणि नेहमीसारखं आधी समोर पाहिलं. मग वाचायला लागली.

पहिल्या ओळीतच कळलं. घरातलं वाचन वेगळं होतं. माइकनं तिचा आवाज मोठा केला आणि तिच्या तोंडातली हवाही मोठी केली. शब्द फुसफुसत बाहेर येत होते, एकमेकांत मिसळत होते. जिथं ती हळू झाली तिथं जास्तच कळेनासं झालं. मी बायांकडे पाहिलं. आता कोणीतरी फिसकेल आणि माय काहीतरी बोलून वेळ मारून नेईल, असं मला वाटलं. मी त्याचीच वाट पाहत होतो म्हणा ना.

कोणी हसलं नाही. पुढच्या बायांनी माना खाली घातल्या. अध्यक्षीणबाई प्रत्येक ओळीला मान डोलवत होत्या, फार जास्त डोलवत होत्या. एक लेकरू काहीतरी बोललं तर त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात दाबला. एक म्हातारी डोळे पुसत होती, आणि राजपुत्राचं पान अजून फार लांब होतं.

अर्ध्या पानावर माय थांबली. चष्म्यावरून तिनं सगळ्यांकडे पाहिलं. ती शोधत होती, पण एकही डोळा तिच्याकडे नव्हता. मग तिनं पानात बोट ठेवून ग्रंथ बाजूला बसलेल्या नव्या सुनेकडे सरकवला. "इथून वाच," ती म्हणाली. हे मात्र माइकवर अगदी स्पष्ट आलं.

आम्ही घरी चालत निघालो. फाटक बंद होतं, मालगाडी जात होती. डबे संपेपर्यंत आम्ही उभे राहिलो.

"हासल्या असत्या तं मी वाचलं असतं, बाबू," ती म्हणाली.

"तुह्यावर जीव हाय त्याईचा माय. म्हून नाई हासल्या."

"तेच तं," ती म्हणाली आणि फाटक उघडायच्या आधीच चालायला लागली.

त्या वर्षावासात ती रोज विहारात गेली. एकही संध्याकाळ चुकवली नाही. पण बसली ती मागं, भिंतीला टेकून, तोंडावर पदर धरून. नवी सून छान वाचते. थोडी घाईनं, बातम्या दिल्यासारखी, पण स्वच्छ. आश्विन पौर्णिमेला खीर झाली, सुनेला पुष्पगुच्छ दिला. माय टाळ्या वाजवणाऱ्यांत होती. तिची खीर मी खाल्ली.

डॉक्टरीणबाई अजून मधून मधून फोन करतात. हाड पूर्ण भरलं तर पुढं मऊ कवळी करून पाहता येईल, त्या म्हणतात. खुंट्या पुन्हा नाहीत. मी हे मायला सांगतो. ती ऐकून घेते आणि मान हलवते, होकाराची का नकाराची ते कळत नाही. तिचं बोलणंच कमी झालं आहे. दुकानात ती वस्तूकडे बोट दाखवते. मी गेलो की पूर्वी दारातूनच मोहल्ल्याच्या बातम्या सुरू व्हायच्या, कोण पळून गेली, कोणाची म्हैस व्याली. आता बातम्या मी सांगतो. वर्ध्याच्या, ऑफिसाच्या, तिला न ओळखणाऱ्या माणसांच्या. माझी बायको म्हणते, तुम्ही इतके बोलता की आईला बोलायला जागाच उरत नाही. ती चेष्टेनं म्हणते.

मागच्या रविवारी जेवण झाल्यावर मायनं ग्रंथ आणून माझ्यापुढं ठेवला. "वाच," ती म्हणाली.

मी वाचायला लागलो. मी सरकारी माणूस, आयुष्यभर परिपत्रकं वाचली. तसंच वाचलं. एकामागून एक ओळ, पूर्णविराम आला की श्वास. पान संपलं, दुसरं सुरू केलं. तिनं हात वर करून मला थांबवलं.

"कोणाले सांगून राह्यला तू?"

"तुले," मी म्हणालो.

"मंग माह्याकडे पाय नं."

मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती, पदराचं टोक ओठांवर. मी परत पुस्तकात पाहिलं तर ओळ सापडेना. ती अजून माझ्याकडेच पाहत होती. मी बोटानं ओळ शोधत राहिलो.